फसलेल्या नमुन्यांचं विसर्जन

आमच्या ऑफिसात माझी ख्याती काय आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी खडूस. तोंडावर "मॅडम, मॅडम", आणि पाठ वळली की "आली रे आली!" मला हे ठाऊक आहे, आणि खरं सांगू, आवडतंसुद्धा. छोट्या उद्योगांनी काही नवं शोधून काढावं म्हणून सरकार अनुदान देतं, त्या योजनेवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे. अनुदान घेतलेल्याने खरंच प्रयोग केलेत की नुसता देखावा मांडलाय, हे जागेवर जाऊन बघायचं, रिपोर्ट लिहायचा आणि कमिटीपुढे ठेवायचा. ऑफिस गिरगावात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बहुतेक वेळा बंद. जिने चढून धापा टाकत आलेल्या माणसाला मी आधी पाणी विचारते आणि मग फाडून खाते, असं आमचा शिपाई येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

आता फाडून खाऊ नको तर काय करू? एकदा परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत एका कंपनीची प्रयोगशाळा बघायला गेले. काही लॅपटॉप, एक कॉफीचं मशीन आणि कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड. "प्रयोग कुठे चालतात?" विचारलं, तर तो सूटबूटवाला म्हणतो, "मॅडम, सगळं डिजिटल आहे." माझ्या वडिलांनी अशाच एका गिरणीत उभ्या उभ्या जन्म काढला. त्याच जमिनीवर उभा राहून हा मला शेंड्या लावतोय म्हटल्यावर माझं डोकं जे सटकलं, ते खाली रस्त्यावर येऊन उसाचा रस पिईपर्यंत जागेवर आलं नाही.

म्हणूनच अनुदान मिळालेल्यांना पहिल्या दिवशी दादरच्या एका हॉलमध्ये जमवून आम्ही नियम समजावतो, तेव्हा एक नियम मी मुद्दाम दोनदा वाचते. फसलेले नमुने फेकायचे नाहीत. प्रकल्प संपेपर्यंत जपून ठेवायचे. जमलेला माल काय, कुणीही बाजारातून आणून पुढ्यात ठेवील. फसलेला आणता येत नाही, तो स्वतःच फसवावा लागतो. लोक हसतात. मी हसत नाही.

तर अशा ह्या मॅडम एकदा दिवाळीनंतर लालबागला एका गणपतीच्या कारखान्यात व्हिजिटला गेल्या.

कारखाना म्हणजे काय, पत्र्याची लांबट शेड. चालवणारी बाई माझ्याच वयाची, पन्नाशीच्या अलीकडची, गाऊनवर ओढणी टाकून, कोपरापर्यंत मातीचे हात. वडिलांच्या मागे तिनेच धंदा सांभाळलेला. हात धुऊन आली, खुर्ची पुसली आणि पहिलाच प्रश्न, "मॅडम, गाव कुठलं?" आडनावावरून ओळखलंच होतं तिने. गाव निघालं शेजारचं. तिची आत्या आमच्या गावात दिलेली. मी एरवी व्हिजिटला चहा घेत नाही. त्या दिवशी घेतला, आणि वर खोबऱ्याची वडीसुद्धा खाल्ली.

तिची गोष्ट साधी होती. दारापाशी, उजेडाला, तिचा धाकटा भाऊ स्टुलावर बसून मूर्तीचे डोळे आखत होता. त्याला आयुष्यात ते एकच काम येत होतं आणि ते तो असं करायचा की बघणाऱ्याने श्वास धरून उभं राहावं. पण स्वतः त्याला श्वास पुरत नव्हता. वर्षानुवर्षं प्लास्टरच्या धुळीत बसून छाती गेलेली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, ह्या माणसाला प्लास्टरच्या वाऱ्यालाही उभं करू नका.

"मग मी काय केलं, प्लास्टरच बंद केलं," बाई म्हणाली. "त्याला कुठे घालवू? त्याला घरात बसवला तर तो आठ दिवसांत झुरून मरेल. त्यापेक्षा प्लास्टर घालवलं."

बोलायला सोपं होतं हो. शाडूची मूर्ती जड, वाळताना तडकते, फार उंच करता येत नाही. मंडळवाल्यांना हवी उंच आणि हलकी. म्हणून ही बाई शाडूत कागदाचा लगदा, भाताचा तूस आणि कसलासा डिंक मिसळून नवी माती बनवायच्या मागे लागली होती. हलकी, उंच उभी राहणारी, दिव्यांच्या उष्णतेत न तडकणारी आणि पाण्यात घातली की विरघळणारी. आमच्या अनुदानाचा पहिला टप्पा ह्या प्रयोगांसाठी होता. कमिटीने पास केलं की दुसऱ्या टप्प्यात माती मळायचं यंत्र आणि सरकारी प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट. त्या सर्टिफिकेटशिवाय कुठलंही मंडळ तिच्या मातीला हात लावणार नव्हतं. आणि मंडळांनी पाठ फिरवली, की पोटासाठी प्लास्टरच्या गोणी परत आत आणि भाऊ बाहेर. तिने हे मला जसं सांगितलं तसं मी इथे सांगतेय. न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मी सगळं बघितलं. कच्चा माल बघितला, मिश्रणं बघितली, पाण्याच्या पिंपात एक छोटी मूर्ती विरघळताना बघितली. मग म्हटलं, "फसलेले नमुने?"

ती मला मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथे फळीवर सात-आठ मूर्ती ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेला नंबर. मी चिठ्ठ्या बघायला वाकले आणि तशीच थांबले. कुणाचा हात खांद्यापासून तुटलेला, कुणाच्या पोटावर आरपार तडा, एकाची सोंड गळून पायापाशी पडलेली. आणि सगळ्यांचे डोळे आखलेले. रंग धरतो की नाही ही चाचणीही त्यातच होती, म्हणून भावाने प्रत्येकाचे डोळे आखले होते, आणि त्याला हलक्या हाताने आखताच येत नाही. इतके शांत, इतके प्रेमळ डोळे, आणि खाली फुटकं अंग.

मी सरकारी अधिकारी आहे हे त्या क्षणी माझ्या डोक्यातून साफ गेलं. मी काळाचौकीच्या चाळीत वाढलेली मुलगी. आमच्याकडे मूर्तीच्या बोटाचा टवका उडाला तरी घर गप्प व्हायचं. माझे हात आपोआप जोडले गेले. चपला काढून बाजूला केल्या.

"अगंबाई," मी म्हटलं, "हे असं काय ठेवलंय? आमच्याकडे भंगलेली मूर्ती एक दिवस घरात ठेवत नाहीत हो. विसर्जन करून टाका."

"प्राणप्रतिष्ठा नाही केलेली, मॅडम. ही नुसती माती," ती म्हणाली. कारखान्यात रोज काहीतरी तुटतं, ते परत भिजवतात आणि परत मळतात. तिला त्यात काही वाटत नव्हतं.

"असू दे. डोळे आखलेत ना? बघवत नाही. विसर्जन करा."

"बरं मॅडम," ती म्हणाली.

मी परत आले आणि झकास रिपोर्ट लिहिला. झकास म्हणजे गोड नव्हे, चोख. कुठल्या मिश्रणाची मूर्ती, तडा कुठून कुठे गेलाय, किती उष्णतेत ठेवली होती, सगळं. सोबत मी स्वतः काढलेले फोटो. आणि त्या दिवशी मला फार बरं वाटत होतं. इतक्या लबाडांमध्ये एक खरं काम बघायला मिळालं आणि वर धर्माचे दोन शब्द बोलून आले, असं समाधान. डोंबल माझं!

माघी गणपती होऊन गेले आणि ऑफिसात एक निनावी तक्रार आली. ह्या कारखान्यात संशोधन वगैरे काही झालेलंच नाही, सरकारी अनुदानावर सीझनची माती भरून घेतली आहे. कुणी टाकली असेल ते सांगायला ज्योतिषी नको, आसपास प्लास्टरच्या मूर्ती करणारे काय कमी होते? तक्रार आली की कमिटी जागेवर जाते. कमिटीत एक अभियांत्रिकीचे प्राध्यापक, एक हिशेब खात्याचे गृहस्थ, आमचे साहेब आणि फाईल धरायला मी.

प्राध्यापक चांगला माणूस होता. मातीत हात घालून बघत होता, वास घेत होता, प्रश्न नेमके विचारत होता. खूष दिसत होता. मग म्हणाला, "आता मला तडकलेल्या मूर्ती दाखवा. मधोमध कापून बघायच्या आहेत. तडा आतून सुरू होतो की बाहेरून, तिथेच कळेल तुम्ही कुठवर पोचलात ते. आणि तक्रारीचाही निकाल लागेल."

"त्या नाहीत, सर," बाई म्हणाली. "विसर्जन केलं त्यांचं."

मी तडक मागे जाऊन बघितलं. मागची फळी रिकामी आणि स्वच्छ पुसलेली होती. मी तो नियम दोनदा वाचते ना हॉलमध्ये? तोच.

"विसर्जन?" प्राध्यापकांना आधी हसूच आलं. "कुठे?"

"दादरच्या चौपाटीला. नारळ फोडून, आरती करून."

"म्हणजे विरघळले असतील."

"लगेच विरघळले," ती म्हणाली, आणि एवढ्यातही तिच्या आवाजात थोडा अभिमान आलाच.

हिशेबवाले मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा वर केला. "नमुने जतन करायचे हा नियम तुम्हाला माहीत होता ना? मग का केलं विसर्जन?"

दारापाशी स्टुलावरून भाऊ उठला. "साहेब, ते मॅडमनीच..."

"तू बस," बाईने त्याला तिथेच तोडलं. मग कमिटीकडे बघून, अगदी शांतपणे, "आमच्यात तसं असतं, सर. भंगलेली ठेवत नाहीत."

माझ्याकडे तिने बघितलंही नाही. मी बोलायला हवं होतं, पण मी फाईलची नाडी सोडून परत बांधत राहिले. तेवढ्यात प्राध्यापक माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही व्हिजिटला आला होता तेव्हा हे नमुने होते का?"

"होते सर. मी स्वतः बघितले."

"आणि तुमच्या रिपोर्टमध्ये सगळं आहे?"

"सगळं आहे सर. फोटोंसकट."

"मग काय प्रश्न आहे? खात्याच्या अधिकाऱ्याने तटस्थपणे डोळ्यांनी बघून लिहिलंय, त्याहून मोठा पुरावा कुठला? बैठकीत मांडा, आपण पुढे जाऊ." हिशेबवाले थोडे कुरकुरले, पण मान हलवली त्यांनी.

गाडीत बसायच्या आधी बाईने मला शेडच्या कडेला घेतलं. "मॅडम, बैठकीत तुम्ही त्या विसर्जनाचं काही बोलू नका हां. फक्त रिपोर्ट वाचा."

"पण ताई, मीच तर तुम्हाला..."

"ते राहू द्या. तुम्ही म्हणालात, आम्हाला वाटलं बघून झालं, आता काढायला हरकत नाही. झालं ते झालं. तुम्ही गप्प राहा. कळलं ना?"

कळलं नाही. हेच तर सांगतेय, मला काडीइतकंही कळलं नाही! मला वाटलं, किती मोठं मन ह्या बाईचं. माझी नोकरी, माझं नाव वाचवण्यासाठी स्वतःवर ठपका घेतेय, अडाणी म्हणवून घेतेय. गाडीत माझे डोळे भरून आले. साहेबांनी विचारलं काय झालं, तर म्हटलं धूळ गेली.

बैठक दहा-बारा दिवसांवर होती. ते दिवस मी कसे काढले ते मला माहीत. वडाळ्याच्या घरी नवऱ्याशी कारण नसताना भांडले. ऑफिसात एका बिचाऱ्या लोणचंवाल्याला त्याच्या बाटलीच्या झाकणावरून इतकं झापलं की तो परत आलाच नाही. सगळ्यांना नियम शिकवणारी मी, स्वतः एका वाक्यात कुणाचा पुरावा समुद्रात घालायला लावला, आणि आता तीच बाई मला पदराखाली घेणार? मन नुसतं खात होतं. जेवताना आठवायचं, आंघोळ करताना आठवायचं.

रविवारी आईकडे गेले. आई अजून काळाचौकीलाच असते, चाळ पाडून झालेल्या नव्या इमारतीत. तिला सगळं सांगितलं.

"अगो, मगे चुकीचा काय सांगलंस?" ती म्हणाली. "फुटलेलो गणपती कोण ठेवता काय?"

"आई, तो प्रश्न नाही गं. माझ्यामुळे तिच्यावर आळ आला. आणि ती म्हणते तू गप्प राहा."

"मगे सांगून टाक सायबाक. पोटात ठेवून त्याचा काय लोणचा घालतलस?"

मला हेच ऐकायचं होतं. आई मालवणीत म्हणाली की मला ते देवानेच सांगितल्यासारखं वाटतं. खरं तर आईला तरी काय ठाऊक होतं आमच्या कमिटीचं? मीच तिला निम्मी गोष्ट सांगितली, माझ्या बाजूची. आणि निम्म्या गोष्टीवर तिने मला पूर्ण निकाल दिला.

बैठकीत मी रिपोर्ट मांडला. सुरळीत झालं. प्राध्यापक दोनदा "वा" म्हणाले. फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरले. साहेबांनी पुढचा विषय घ्यायला कागद उलटला, एवढ्यात मी म्हटलं, "सर, एक गोष्ट मला कमिटीपुढे ठेवायची आहे."

आणि सांगितलं. कसे हात जोडले, कशा चपला काढल्या, काय शब्द वापरले. सांगता सांगता मला इतकं मोकळं वाटायला लागलं की मी थांबेचना. आमची गावं शेजारची आहेत, तिची आत्या आमच्या गावात दिलेली, म्हणून बोलणं जरा घरगुती झालं, हेही सांगितलं. खोबऱ्याची वडी तेवढी राहिली. शेवटी म्हटलं, "त्या बाईंची काहीही चूक नाही. त्यांनी फक्त माझा शब्द पाळला. जी काही शिक्षा असेल ती मला करा."

प्राध्यापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, त्यांना भरून आलंय.

साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्या प्रामाणिकपणाची नोंद घेतली आहे. तुम्ही जरा बाहेर बसा."

मी बाहेर बसले. शिपायाने चहा आणला. वर्षभरात इतका गोड चहा प्यायले नव्हते. खांदे हलके झाले होते. दोन सहकारी येऊन म्हणाले, "काय हिंमत आहे तुमची! आमच्याच्याने झालं नसतं." त्या दिवशी मी दादरला उतरून फुलं घेतली, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून भेळ खाल्ली, घरी जाऊन नवऱ्याशी गोड बोलले आणि अंथरुणाला पाठ टेकताच झोपले.

चार दिवसांनी निकालाची फाईल माझ्याच टेबलावर आली. प्रकल्प पुराव्याअभावी बंद. दुसरा टप्पा नामंजूर.

मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. "सर, हे काय? मी तर सांगितलं, चूक माझी होती!"

"बसा," साहेब म्हणाले. ते चिडलेले नव्हते, थकलेले होते. "चूक तुमचीच, कोण नाही म्हणतंय? पण मॅडम, त्या बाईंकडे तुमच्या रिपोर्टशिवाय दुसरं होतं काय? नमुने समुद्रात. राहिला तुमचा एक रिपोर्ट. आता ज्या अधिकाऱ्याने नमुने घालवायला सांगितले, ज्यांची आणि बाईंची गावं शेजारी, त्यांच्याच रिपोर्टवर कमिटी सही करणार? उद्या तक्रारदाराने माहितीच्या अधिकारात मागितलं, तर आम्ही काय उत्तर देणार? प्राध्यापक शेवटपर्यंत भांडले. पण ते तरी कशाच्या आधारावर भांडणार? आधार तर तुम्हीच काढून घेतलात."

"आणि मला काय शिक्षा?"

"तुम्हाला कसली शिक्षा? तोंडी समज दिली असं लिहिलंय." मग खाली बघत म्हणाले, "रिपोर्ट खरा होता. वाचून गप्प बसायचं होतं, एवढंच."

सांगायला जायलाच हवं होतं. पत्र पोचलं होतं तिला, पण मला जायला हवं होतं. आज जाते, उद्या जाते करत मे महिना उजाडला. ऊन रणरणत असताना एका दुपारी गेले. शेडमध्ये शिरतानाच नाकाला झोंबलं. आत भिंतीला लावून गोणींची थप्पी होती आणि सगळ्यावर पांढरी भुकटी. साच्यात प्लास्टर ओतायचं काम चालू होतं. बाई तोंडाला ओढणी बांधून उभी होती. मला बघून ती बाहेर आली, ओढणी सोडली, पाणी दिलं. तिची माणुसकी काही कमी झाली नव्हती, त्यानेच मला जास्त मेल्यासारखं झालं.

"भाऊ कुठे आहे?" मी विचारलं.

"गावाला. आता इथे कसा ठेवणार त्याला?"

"तिथे काय करतो?"

"काही नाही. पडवीत बसून असतो. फोन केला तर बोलत नाही फारसं."

मी म्हटलं, "ताई, मी पुन्हा अर्ज लिहून देते. पुढच्या वर्षी नव्याने..."

"बघू," ती म्हणाली. "मंडळांनी ऑर्डरी दिल्यात प्लास्टरच्या. ह्या वर्षी तर हेच."

मग मला राहवलं नाही. "मला वाटलं तुम्ही मला वाचवताय. माझ्यासाठी तुम्ही स्वतःवर आळ घेताय, हे मला सहनच होईना. म्हणून मी बोलले."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. मी असं काही म्हणेन हे तिच्या स्वप्नातही आलं नसावं, अशी.

"तुम्हाला कशाला वाचवू मी, मॅडम?" ती म्हणाली. "तुम्हाला काय होणार होतं? मी आम्हाला वाचवत होते. सरळ सांगितलं होतं ना तुम्हाला, गप्प राहा म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मग?"

मी पर्स उगाच ह्या हातातून त्या हातात घेतली. आतून कुणीतरी हाक मारली, साचा सुटायला आला होता. ती ओढणी परत तोंडाला बांधायला लागली आणि बांधता बांधता थांबली.

"एक विचारू? ते बोलून आल्यावर बरं वाटलं तुम्हाला?"

तिला टोमणा मारायचा नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं, एवढं सगळं गेलं त्यातून निदान कुणाचं तरी काही भलं झालं का. खोटं बोलावं असं फार वाटलं. पण खोटं बोलायची सवय नाही मला, हीच तर सगळी पंचाईत.

"हो," मी म्हटलं. "शांत झोप लागली त्या रात्री."

"चला," ती म्हणाली, "तेवढं तरी झालं," आणि आत गेली.